पीएच मायक्रोइलेक्ट्रोडचा उतार फारच कमी येतो आहे – मदत हवी आहे

टोकदार: बायोफिल्मच्या (जिवाणूंच्या चिकट थराच्या) आतली आम्लता थराथराने मोजण्यासाठी मी काचेच्या केशनलिका ओढून आणि टोकाशी हायड्रोजन आयनोफोरचा (हायड्रोजन आयन निवडून धरणाऱ्या पदार्थाचा) तेलकट द्रव भरून चार मायक्रोइलेक्ट्रोड बनवले. पीएच ४ आणि ७ च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणांमध्ये) प्रत्येकाचा उतार, म्हणजे पीएचच्या एका एककामागे विभवात पडणारा फरक, जेमतेम २१ मिलिव्होल्ट येतो आणि आकडा सतत सरकत राहतो. आयनोफोर खराब झाला असेल का? नवा मागवण्याआधी खात्री हवी आहे, कृपया लवकर सांगावे.

अम्लान: टोकाचा व्यास, तापमान, मोजणारे यंत्र आणि काचेचे सायलेनीकरण (काच पाणी झटकणारी करणारा सायलेनचा लेप), यांपैकी काहीच आपण सांगितलेले नाही. २५ अंश सेल्सिअसला ५९.२ मिलिव्होल्ट अपेक्षित असतात. चारही इलेक्ट्रोडांत सारखाच दोष असेल, तर आयनोफोरआधी कृतीकडे पाहावे.

जुनाजाणता: काचेच्या नादी लागूच नये. इरिडियमच्या तारेवर ऑक्साइडचा थर चढवला की टोक मोडण्याची भीती राहत नाही.

केशनलिका: इरिडियम ऑक्साइड आम्लतेबरोबरच ऑक्सिडीकारक आणि क्षपणकारक पदार्थांनाही प्रतिसाद देते. बायोफिल्ममध्ये खोलीनुसार ऑक्सिजन घटत जातो, म्हणजे नेमकी तिथेच शंका राहणार. शिवाय प्रश्न तारेचा नव्हताच.

जुनाजाणता: दोष मान्य आहे, पण टिकाऊपणाही मोजमापाचाच भाग असतो.

बफरप्रेमी: पीएच १० चा बफर उघडा ठेवल्यास हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पीएच उतरतो, तेही तपासावे.

केशनलिका: तो बफर त्यांनी वापरलेलाच नाही.

टोकदार: टोक ३ मायक्रोमीटर, तापमान २५ अंश, आतली आणि संदर्भाची तार चांदी-सिल्व्हर क्लोराइडची. यंत्र नेहमीचा पीएच मीटर, अंतर्गत रोध दहाचा बारावा घात इतके ओहम. टोके सायलेनच्या द्रावणात बुडवून रात्रभर खोलीतच वाळवली. हे सांगण्याजोगे वाटले नव्हते.

प्रवाह: मग दोष मीटरचाच. अशा इलेक्ट्रोडचा रोध दहाच्या अकराव्या घाताच्या घरात असू शकतो, त्यामुळे इलेक्ट्रोमीटरवाचून (याहून खूप जास्त अंतर्गत रोधाच्या व्होल्टमापकावाचून) पर्याय नाही.

अम्लान: इलेक्ट्रोमीटर चांगलाच, पण हिशेब करून पाहावा. इलेक्ट्रोडचा रोध मीटरच्या रोधाच्या एक दशांश धरला, तर उतार सुमारे ९ टक्क्यांनीच घटतो, म्हणजे ५९ चे ५४ होतील, २१ नव्हेत. काच मुळात पाणी धरणारी असल्यामुळे सायलेन नीट बसले नाही, तर काच आणि तेलकट द्रव यांच्या फटीतून पाणी शिरते आणि विभवाला बाजूने पळवाट मिळते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन द्रवांची, म्हणजे टोकातला तेलकट द्रव आणि त्यामागचे पाण्यातले द्रावण यांची, सीमा पाहावी: काच नीट तयार झाली असेल, तर तेलकट द्रव भिंतीला धरून वर चढलेला दिसतो.

टोकदार: पाहिले. तीन नळ्यांत पाणी भिंतीलगत टोकापर्यंत उतरले आहे, चौथीत हवेचा बुडबुडा आहे. आता नव्या नळ्या कशा तयार कराव्यात?

अम्लान: सुमारे २०० अंशांच्या भट्टीत नळ्या आधी पूर्ण कोरड्या कराव्यात, मग त्याच तापमानाला बंद भांड्यात सायलेनची वाफ अर्धा-पाऊण तास द्यावी आणि झाकण काढून पुन्हा थोडा वेळ भाजाव्यात. वाफ विषारी आणि ज्वालाग्राही असल्याने हे काम धूरकक्षातच (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात) करावे. भरण्यापूर्वी नळ्या दमट हवेत ठेवू नयेत. आयनोफोर तूर्त मागवू नका.