मदत हवी आहे : न बोलणाऱ्या मुलीचा फ्लू पहिल्याच दिवशी कसा ओळखायचा?

माझी लेक सात वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर ताबा राहत नाही), आकडीची औषधं चालू आहेत, बोलता येत नाही. गेल्या वर्षी फ्लू झाला, त्यातून न्यूमोनिया, आणि चार दिवस ती आयसीयूत होती. आता बरी आहे, पण माझ्या मनातली धास्ती काही जात नाही.

पहिल्या दिवशी ताप नव्हताच. सकाळी भरवताना चमचा ओठांशी नेला की ती तोंड घट्ट मिटायची. दुपारी डायपर बदलताना मांड्या नेहमीपेक्षा ताठ लागल्या, सुट्याच होईनात. मला वाटलं, रात्री झोप झाली नसेल. तिचं अंग दुखत असणार, हे आता कळतंय. रात्री छातीत घरघर सुरू झाली, ताप चढला आणि पहाटे आकडी आली. दवाखान्यात 'साधा व्हायरल आहे, दोन दिवस बघू' म्हणाले. फ्लूचं औषध सुरू व्हायला तिसरा दिवस उजाडला.

नंतर न्यूरॉलॉजिस्टनी नीट समजावलं. तिची फुप्फुसं मुळात चांगली आहेत, पण कफ खोकून बाहेर टाकायला जो जोर लागतो तो स्नायूंत नाही. गिळताना ठसका लागतो, लाळ श्वासनलिकेत उतरते. तापात आकडी लवकर येते, आणि उलटी झाली की आकडीचं औषधही पोटात ठरत नाही.

मग मी वाचायला लागले. २००९ च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथीत अमेरिकेत दगावलेल्या मुलांपैकी ३३६ जणांच्या आधीच्या आजारांची माहिती मिळाली होती. त्यांतल्या २२७ मुलांना आधीपासून काही ना काही आजार होता, आणि त्या २२७ पैकी १४६ मुलांना मेंदूचे किंवा मज्जासंस्थेचे विकार होते. दमा असला तर फ्लूला जपा, असं सगळे सांगतात. हे मात्र मला सात वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तुमची मुलं आजारी पडणार हे तुम्ही कशावरून ओळखता? नवीन डॉक्टर असले तर घाई का आहे हे कसं पटवता? आणि लस? तापाने आकडी येईल या भीतीपायी आम्ही ती कधी दिलीच नाही. आता द्यायचं ठरवलंय.

प्रतिसाद

ताई, लस नक्की द्या. माझ्या मुलालाही आकडीचा त्रास आहे, आम्ही दरवर्षी देतो. एकदा रात्री थोडी कणकण आली होती, बाकी काही नाही. फ्लूचा ताप त्याहून कितीतरी वाईट. आपल्या मुलांना इंजेक्शनच द्यायचं, नाकातल्या स्प्रेची लस नाही, कारण तिच्यात जिवंत विषाणू असतो. नऊ वर्षांच्या आत पहिल्यांदाच देताय, म्हणजे किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात, तेव्हा साथ यायची वाट बघू नका. घरातल्या सगळ्यांनीही घ्या.

दवाखान्यासाठी मी एक कागद करून ठेवलाय. बरा असताना ऑक्सिजन किती, झोपेत मिनिटाला श्वास किती, वजन, औषधांचे डोस. खाली आमच्या डॉक्टरांच्या अक्षरात : 'फ्लूचा धोका जास्त. रिपोर्टसाठी न थांबता ओसेल्टामिविर (फ्लूचं औषध) सुरू करावं, शक्यतो ४८ तासांच्या आत.' तो कागद पुढे केला की वाद होत नाही. आणि तापावर ॲस्पिरिन कधीच नाही.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मांड्यांचा ताठरपणा तुमच्या हाताला बरोबर कळला होता. अशा मुलांत दुखणं आधी स्नायूंत दिसतं. नुसतं नाक वाहायला लागलं तरी फिजिओला कळवा, छाती भरायच्या आत कफ सुटा करता येतो. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा ओठ निळसर दिसले तर कुणाला विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, कागदावर त्यांच्याकडून ती ओळ लिहून घेणार. काल रात्री लेक झोपल्यावर तिच्या पोटावर अलगद हात ठेवून श्वास मोजले, तीनदा मोजले. मिनिटाला २०. सगळ्यात वर तेच लिहिलंय.