मदत हवी आहे: इंटरनेट कंपनीची ईमेल दुसरीकडे जातेय, आईच्या पत्रांचं काय करू?

रानजाई
नमस्कार मंडळी. २००१ साली व्हर्जिनियात घर घेतलं तेव्हा केबल-इंटरनेटबरोबर एक ईमेल पत्ता फुकट मिळाला. तोच आजवर चालवतेय. आता कंपनीचं (नाव लिहीत नाही, उगाच धाग्याचं कुरुक्षेत्र व्हायचं) पत्र आलंय: ईमेल आम्ही बंद करतोय, तुमची पेटी दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे जाईल, पत्ता तोच राहील, सगळं आपोआप होईल. 'आपोआप' वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. शेजारणीची पेटी आधीच गेलीय आणि ती भयंकर चिडलीय. पत्रांच्या मध्ये जाहिराती, आयपॅडवर पासवर्ड चालेना, फोन केला तर दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात.

माझ्या अडचणी दोन. आई २०१४ मध्ये गेली. तिने सांगलीहून भाच्याकडून टाइप करून घेऊन पाठवलेली पत्रं 'आई' नावाच्या फोल्डरमध्ये आहेत. दुसरं, पुण्यातलं एनआरई (अनिवासी भारतीयांचं) बँक खातं आणि म्युच्युअल फंड याच पत्त्याला जोडलेत. भारतातला मोबाइल नंबर कधीच बंद पडला, त्यामुळे ओटीपी इथेच येतो. मुदत तीन आठवडे. लेकाला विचारलं तर म्हणतो, 'आई, अ‍ॅग्री दाब आणि मोकळी हो.'

खटपट्या
ताई, इतक्यात दाबू नका. आधी प्रत काढा. संगणकावर थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम टाका, फुकट आहे. खातं जोडताना पत्रं उतरवायच्या दोन पद्धतींपैकी आयमॅप निवडा, पॉप नको. पॉप फक्त इनबॉक्स आणतं. 'आई' आणि तुम्ही पाठवलेली उत्तरं सर्व्हरवरच राहतील. सगळं उतरलं की डावीकडच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये 'आई' कॉपी करा. मूव्ह नाही, कॉपी! मग वायफाय बंद करून दहा-बारा पत्रं उघडून बघा, फोटोवाली मुद्दाम.

जुनाखडू
आम्ही विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीचे ग्राहक. १५ ऑगस्ट १९९५ला त्यांनी इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, त्यानंतरचा माझा पत्ता इतका लांब होता की व्हिजिटिंग कार्डावर एका ओळीत मावत नसे. विद्यार्थ्यांना नुसतं अक्षरी खातं मिळायचं, चित्रबित्र काही नाही. २००२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली. पत्ता गेला, कार्डं मात्र अजून कपाटात आहेत.

खटपट्या
काका, कार्डांचा वेगळा धागा काढा, मी येतो.

न्यूजर्सीकर
हे नवीन नाही. व्हेरायझन या फोन-इंटरनेट कंपनीने २०१७ मध्ये ईमेलमधून अंग काढून घेतलं. जुना पत्ता ठेवायचा तर एओएल या ईमेल सेवेवर जा म्हणाले. एओएल तेव्हा त्यांच्याच मालकीचं. २०२१ मध्ये ते याहूसकट विकून टाकलं. २०२४ मध्ये कॉक्स या केबल कंपनीनेही आपल्या ग्राहकांच्या पेट्या याहूकडे दिल्या. म्हणजे एकदा हललेली पेटी पुन्हा हलणार नाही याची हमी कोणी देत नाही. मी स्वतःचं डोमेन (पत्त्यातलं @ नंतरचं नाव) घेतलं, वर्षाला थोडे पैसे जातात, पण पत्ता माझ्या ताब्यात.
शेजारणीला सांगा, नव्या खात्यात वेबवरून शिरून सुरक्षेच्या पानावर 'अ‍ॅप पासवर्ड' (मेल अ‍ॅपसाठीचा वेगळा पासवर्ड) मिळतो का बघा. आयपॅडला बहुधा तोच हवा असेल.

व्याजदर
पत्रांची प्रत एका संध्याकाळी होईल, बँकेचं काम तसं नाही. ते आजच धरा. जुन्या पत्त्यावर ओटीपी येतोय तोवरच नवा पत्ता सहज नोंदवता येईल. फंडांच्या नोंदी कॅम्स आणि केफिनटेक या दोन नोंदणी संस्थांकडे वेगवेगळ्या असतात, एकीकडे बदललं म्हणून दुसरीकडे बदलत नाही. डीमॅट असेल तर डीपीकडे, म्हणजे ते खातं जिथे उघडलं त्या संस्थेकडे, सांगा. आयकर पोर्टल विसरू नका, पुढच्या रिटर्नच्या वेळी आठवेल आणि कपाळावर हात मारून घ्याल.

रानजाई
सगळ्यांचे आभार. प्रत काढली, वायफाय बंद करून पत्रं उघडली, मग भीत भीत अ‍ॅग्री दाबलं. पेटी पोचली, पण तिकडे 'आई' फोल्डरच दिसेना! तासभर शोधलं. त्याच्या जागी अँडचं चिन्ह आणि पुढे सी-क्यू-वाय-जे-सी-ए असं काहीतरी होतं. आत पत्रं आहेत, सगळी २१४.

खटपट्या
ती 'आई'च आहे. आयमॅपमध्ये देवनागरी नाव सर्व्हरवर तसंच्या तसं जात नाही, युटीएफ-७ या अक्षरं सांकेतिक रूपात लिहायच्या पद्धतीच्या एका बदललेल्या रूपात रोमन अक्षरांत जातं. 'आ' आणि 'ई' मिळून नेमकी हीच सहा अक्षरं होतात. पेटी हलवणाऱ्या प्रोग्रॅमने ती उलगडलीच नाहीत. फोल्डरवर राइट क्लिक, रीनेम, आणि पुन्हा 'आई' लिहा.

रानजाई
झालं! फंडांचे पत्तेही बदलले. आता बँक म्हणते पासपोर्टची साक्षांकित प्रत पाठवा. इथला नोटरी चालतो, की वकिलातीत जावं लागेल?

व्याजदर
प्रत्येक बँकेचा नियम वेगळा. शाखेला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. नव्या पत्त्यावरून नको, अजून जुन्यावरूनच.