माळ्यावर सापडले बाबांचे एअरफिक्सचे सैनिक, रंगाचे पोपडे निघताहेत, सल्ला हवा

दर्याची_लेक

नमस्कार मंडळी, आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला जातेय म्हणून गेले दोन आठवडे घर आवरणं चालू आहे आणि परवा माळ्यावरून क्वालिटी स्ट्रीटचा जुना पत्र्याचा डबा निघाला, उघडला तर आत बाबांचे सैनिक! बाबा बोटीवर होते, सत्तरच्या दशकात लिव्हरपूलला बोट लागली की येताना एअरफिक्स या ब्रिटिश खेळण्यांच्या कंपनीचे एक-दोन बॉक्स आणायचे, त्या छोट्या बॉक्समध्ये चाळीस-पन्नास इवलेसे सैनिक असायचे आणि ते अख्ख्या सुट्टीत जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून रंगवत बसायचे. मला आणि दादाला फक्त बूट रंगवायला मिळायचे, काळा रंग, चुकलं तरी दिसत नाही म्हणून. दिवाळीत किल्ल्यावर मावळे वर आणि हे सगळे खाली खंदकात, बाबांना ते चालायचं.

आता बाबा नाहीत. डब्यात साधारण दोनशे नग आहेत, निम्मे रंगवलेले, निम्मे तसेच. रंगवलेल्यांचे पोपडे निघताहेत, हातात घेतला की बोटाला रंग लागतो. काहींच्या बंदुका वाकल्यात, एकाचा पाय घोट्यात मोडला. माझे प्रश्न असे की १) बाबांचा रंग वाचवता येईल का, २) कोरे आहेत ते भाचीला घेऊन रंगवायचेत तर इथे मिळणारा कुठला रंग टिकेल, ३) कुठले सेट आहेत हे कसं ओळखायचं. दुकानात विचारलं तर "स्प्रे मारा" म्हणाले, पण धीर होईना.

रंगारी७२

ताई, स्प्रे मारू नका, बरं केलंत थांबलात. रंग का सुटतो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एअरफिक्सची विमानं कडक पॉलिस्टायरीनची, पण हे छोटे सैनिक पॉलिथिनचे, मऊ आणि मेणचट. पॉलिथिनला रंग धरतच नाही, नुसता वर बसतो, आणि सैनिक वाकला की वरचा कडक इनॅमलचा (तेलकट चकचकीत रंगाचा) थर तडकतो. त्या काळी सगळे हम्ब्रॉलचे छोट्या डबीतले इनॅमल वापरायचे, तुमच्या बाबांनीही बहुतेक तेच वापरलं असणार.

आधी डब्याचे तीन भाग करा. बाबांनी रंगवलेले, कोरे, आणि मोडलेले. रंगवलेल्यांना ब्रशने घासू नका, धुवायच्याही भानगडीत पडू नका. फेविकॉल पाण्यात पातळ करा, दुधाइतका, मऊ ब्रशने एकच हात फिरवा, पोपड्याच्या कडेखाली तो शिरतो आणि सुकला की धरून ठेवतो. फेविकॉल पाण्याला विरघळतो म्हणून वरून मॅट वार्निश हवंच. आधी सगळ्यात खराब झालेल्या एकावर करून बघा, मग बाकीचे. निघालेले पोपडे कोरडे घासू नका किंवा फुंकू नका, जुन्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं, भाची आसपास असेल तर नकोच. ओल्या फडक्याने पुसायचं आणि हात धुवायचे.

कोरे मात्र कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने जुन्या टूथब्रशने नीट घासा, साच्यातून सुटावेत म्हणून लावलेलं तेलकट काहीतरी त्यांच्यावर असतं, रंग न बसायचं अर्धं कारण तेच. वाकलेली बंदूक गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. पण आधी जरासं दाबून बघा, काही जुने नग वयाने ठिसूळ झालेले असतात, ते वाकत नाहीत, तुटतात. तसं वाटलं तर बंदूक वाकडीच राहू दे.

टेम्सकाठी

रंगारी यांना +१. मी इंग्लंडात राहते आणि दर वर्षी जुन्या खेळण्यांच्या जत्रेत जाते, तिथे साठ-सत्तरीच्या वयाची माणसं या सैनिकांचे खोके ज्या मायेने उघडतात ते बघून मीच हे जमवायला लागले.

सेट ओळखायला प्लास्टिक सोल्जर रिव्ह्यू ही वेबसाईट बघा. १/७२ मापाच्या (खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढ्या) सेटमधल्या एकेका पवित्र्याचे फोटो आहेत, समोर ठेवून जुळवायचं. एअरफिक्सने हे १९५९ साली गार्ड्सच्या (ब्रिटिश राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या) बँडपासून सुरू केलं, मग वाढत वाढत रोमन, वॉटर्लू, काउबॉय सगळं आलं. गंमत म्हणजे आठवी आर्मी आणि आफ्रिका कोअर (दुसऱ्या महायुद्धात वाळवंटात लढलेल्या ब्रिटिश आणि जर्मन फौजा) यांचे दोन अवतार आहेत, पहिले बुटके आणि ओबडधोबड, सत्तरच्या दशकात नव्याने घडवलेले ते जास्त रेखीव. तुमच्या डब्यात दोन्ही निघतील असं वाटतंय, बाबा नेमके त्या काळात आणत होते ना. इवलासा चेहरा असूनही दुसऱ्या अवतारातल्यांचे नाक-डोळे दिसतात, भिंग घेऊन बघाच.

एखादा जड आणि धातूचा निघाला तर बाजूला ठेवा आणि भाचीच्या हातात देऊ नका. ब्रिटन्स कंपनीचे पोकळ शिशाचे सैनिक १९६६ पर्यंत बनत होते, बरेचदा एकाच डब्यात मिसळलेले असतात.

घासूनपुसून

मी तर डेटॉल वापरतो रंग काढायला. रात्रभर बुडवून ठेवायचं, सकाळी इनॅमल सालीसारखं निघतं, पॉलिथिनला काही होत नाही. फक्त एक, ब्रशने घासताना डेटॉलमध्येच घासा, पाण्याखाली लगेच धरलात तर सुटलेल्या रंगाचा चिकट काला होतो आणि तो जाता जात नाही. ग्लोव्हज घाला.

रंगारी७२

@घासूनपुसून बरोबर आहे हो, पण बाबांनी रंगवलेल्यांच्या जवळपास ती बाटली नको. भाचीकडून बिघडलेले परत कोरे करायला उत्तम.

रंगाचं राहिलंच. धुऊन वाळले की पातळ फेविकॉलचा एक थर, मग ॲक्रिलिक. बाहेरचे व्हॅलेहो मिळाले तर छानच पण महाग पडतात, कॅमलिनचे ॲक्रिलिक आणून पातळ थर दोनदा द्या, चालतं. मी बंदूक, पट्टे असल्या वाकणाऱ्या जागी फॅब्रिक कलर वापरतो, कापडासाठी असल्याने वाकतो पण तडकत नाही. मोडलेल्या पायाला फेविक्विक लावू नका, पॉलिथिनला नुसता तो टिकत नाही. टाचणी तापवून दोन्ही बाजूंना भोक पाडा आणि बारीक तारेचा तुकडा आत खुपसा. हे मात्र तुम्ही करा, भाची नको.

किल्लेवाला

थोडं अवांतर पण राहवत नाही. आठवी आर्मी म्हणजे फक्त गोरे नव्हेत, आपली मराठा पलटण इटलीत त्याच आर्मीत लढली. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशिनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. नामदेव जाधव कंपनीचे रनर (निरोप पोचवणारे), एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर सुरुंगांतून जखमी साथीदारांना वाहून आणलं, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. कोऱ्यांतला एक तरी सावळ्या रंगाने रंगवा आणि किल्ल्यावर खंदकात नको, वर मावळ्यांशेजारी ठेवा.

दर्याची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. आठवडाभर रोज संध्याकाळी बसतेय. रंगवलेल्या सत्त्याण्णव जणांना फेविकॉल देऊन झाला, दोघांचे पोपडे वाचले नाहीत, बाकी धरलेत. टेम्सकाठी, दोन्ही अवतार निघाले! आणि भिंगातून बघताना सगळ्यांच्या बुटांवर काळा रंग पायाच्या वर गेलेला दिसला, तो आमचा. बाबांनी तो कधीच दुरुस्त केला नव्हता.

किल्लेवाला, भाचीने घाडगेंची गोष्ट ऐकली आणि लगेच एक रांगत जाणारा सैनिक निवडला. कातडीचा रंग जमत नाहीये, बर्न्ट सिएनामध्ये (तांबूस तपकिरी रंगात) पिवळा घातला तर भगवट दिसतो. काय मिसळू?