टाटा 407 चं इंजिन गेलं, जुनं घालू काय?

खानापूरकर: माझी 2004 ची 407, भाजी घेऊन चोर्ल्यामार्गे गोव्याला जाते. परवा घाटात इंजिनातला कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) तुटला, ब्लॉकला (इंजिनच्या मुख्य सांगाड्याला) भोक पडलं. बाबांनी घेतलेली गाडी, मोडीत घालायला मन होईना. दुसरं जुनं इंजिन घालू काय?

निपाणीवाला: घाला की! पण घेण्याआधी चालू करून तेलाचं झाकण काढून बघा, धूर जोरात फेकला तर ते आतून झिजलेलं, नको. तुमचा जुना ऑइल कूलर (इंजिनचं तेल थंड करणारा) मात्र परत बसवू नका, त्यात फुटलेल्या इंजिनाचा लोखंडाचा चुरा अडकलेला असतो. माझं दुसरं इंजिन त्यानंच खाल्लं.

बेळगावकर: विकणाऱ्याकडून बिल घ्या. नवा इंजिन नंबर आरटीओत आरसीवर चढवा, विम्यालाही कळवा.

खानापूरकर: कूलर नवाच घालतो दादा. कागद बघूनच पैसे देतो.