परदेशातलं सेमिस्टर वर आणि जळगाव तळाला?

एमआयडीसी_जळगाव

काल एका पोराने लिहिलं होतं : "परदेशात एक सेमिस्टर केलंय ना? मग ते रेझ्युमेत सगळ्यात वर टाका, जळगावचं कॉलेज शेवटच्या पानावर ढकला. पुण्याच्या एचआरला जळगाव माहीत नाही. मी तसंच केलं, तीन फोन आले." खाली सगळ्यांनी वाहवा केली. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी १४ वर्षं एका पाइप कारखान्यात भरतीचं काम बघतो. मागच्या वर्षी असाच एक रेझ्युमे टेबलावर आला. वर ठळक अक्षरांत जर्मनीतलं विद्यापीठ, पुढे वर्ष, पदवीचं नाव नाही. मग प्रोजेक्ट, मग छंद, आणि दुसऱ्या पानाच्या तळाला बारीक अक्षरांत बी.टेक., जळगाव. मला वाटलं पोरगा तिकडचा पदवीधर आहे. समोर बसवून विचारलं तर म्हणाला, "नाही सर, पदवी इथलीच, तिकडे नुसता एक्स्चेंजवर होतो, सहा महिने." त्यानंतर त्याच्या प्रत्येक ओळीकडे मी संशयाने बघायला लागलो. पोरगा हुशार होता. पॉलिमरच्या लॅबमध्ये त्याने चांगलं काम केलं होतं. पण मुलाखतीची २० मिनिटं खरं काय नि खोटं काय यातच गेली आणि ते काम मला फार उशिरा कळलं. घेतला नाही त्याला.

पदवी ज्या विद्यापीठाची, त्याचं नाव वर. त्याच ओळीखाली थोडं आत सरकवून : एक्स्चेंज सेमिस्टर, विद्यापीठ, शहर, देश, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. युरोपात पूर्ण सेमिस्टर म्हणजे ३० ईसीटीएस, म्हणजे तिकडच्या पद्धतीचे क्रेडिट. ३० केले असतील तर ३० लिहा, १८ केले असतील तर १८ लिहा. मग एक-दोन ओळींत विषय आणि हाताने केलेलं काम. 'ग्लोबल एक्स्पोजर' वाचून मला काहीच कळत नाही. 'एक्स्ट्रूजनच्या नमुन्यांची ताण चाचणी केली, चार देशांच्या मुलांबरोबर अहवाल लिहिला' हे कळतं. दोन आठवड्यांचा समर स्कूल असेल तर तो शिक्षणात नको, प्रशिक्षणात टाका.

आणि जळगाव लपवायचं कशाला? आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला झालं. त्याआधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, एका मार्कशीटसाठी माणूस पुण्याच्या चकरा मारायचा. माझ्या मोठ्या भावाने मारल्यात.

चोपड्याचा_पोऱ्या

दादा, ती पोस्ट माझी आहे. तुम्ही जळगावात बसून जळगावच्या पोरांना घेता, तुम्हाला आमचं दुखणं काय कळणार? पुण्यात मी ६० ठिकाणी अर्ज केले. जळगाव वर होतं तोवर एक फोन नाही. खाली नेलं आणि तीन आले. यात खोटं काय आहे? मी गेलोच होतो. पदवी मिळाली असं कुठे लिहिलंय मी?

एमआयडीसी_जळगाव

लिहिलं नाही, पण वाचणाऱ्याला तसं वाटावं अशीच मांडणी केलीस ना भाऊ? पडताळणी करणारे थेट विद्यापीठाला विचारतात. तिकडून उत्तर येतं, 'आम्ही पदवी दिलेली नाही.' मग तू कुठे काय लिहिलं होतंस हे कोणी बघत बसत नाही.

आणि ते तीन फोन. त्यातून नोकरी लागली का?

चोपड्याचा_पोऱ्या

दोन ठिकाणी पहिल्याच फेरीत हेच विचारलं. तिसऱ्याचं चालू आहे. पण फोन तर आला!

धुळेकर_ताई

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत भरतीतच आहे, माहेर धुळ्याचं. जळगावकर दादांचं बरंचसं बरोबर आहे, पण पोराचंही दुखणं खरं आहे, ते उडवून लावू नका. एका जागेला ३०० अर्ज येतात तेव्हा कॉलेजच्या नावावरून चाळणी लागते. मी स्वतः लावलेली आहे, आणि त्यात धुळ्या-जळगावची पोरं गळलीत. मला त्याचं वाईट वाटतं, पण झालंय तसं.

यावर उपाय जळगाव लपवणं नाही. नावाखाली जी दोन-तीन ओळींची ओळख असते, तिथे सेमिस्टरमधलं काम आणा. 'प्लास्टिक्स अभियंता, जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एक सेमिस्टर चाचणीचं काम.' वाचणाऱ्याची नजर तिथे आधी जाते. शिक्षणाचा क्रम जसा आहे तसाच राहू द्या. खोटंही नाही आणि फोनही येतो.

एक महत्त्वाचं : गुण. जर्मनीत १.० सर्वांत चांगला आणि ४.० ला जेमतेम पास. आमच्याकडे एका पोराने नुसतं '१.७' लिहिलं. आमच्या नवीन मुलीला ते दहापैकी वाटलं आणि तिने अर्ज बाजूला टाकला. तो पोरगा वर्गात वरच्या काही जणांत होता! कंसात लिहा ना बाबांनो, '१.० सर्वोत्तम, ४.० किमान उत्तीर्ण.' इंग्लंडवाल्यांनीही लक्षात ठेवा, तिकडे एमएस्सीला ७० च्या पुढे डिस्टिंक्शन असतं, त्याच्या खालोखाल मेरिट. ६८ टक्के बघून आपल्याकडचा माणूस नाक मुरडतो, म्हणून शेजारी 'मेरिट' लिहाच.

रावेर_केळी

तुम्ही सगळे सेमिस्टरवाले. माझं ऐका आता.

मी सहा महिने फिरायला नव्हतो गेलो. इंग्लंडला एक वर्षाची एमएस्सी केली, पूर्ण. वडिलांनी केळीचं दोन एकर वावर गहाण टाकलं, वर बँकेचं कर्ज. परत आलो तर इथे लोक म्हणतात, "एका वर्षात कुठे एमएस्सी होते का?" आणि आता हे दादा म्हणतात जळगाव वर ठेवा. माझ्या बापाचं वावर अजून सुटलं नाही, आणि मी ते दुसऱ्या ओळीत लिहू?

एमआयडीसी_जळगाव

नाही रे बाबा. तुझी पदवी आहे. ती स्वतंत्र ओळीत, सगळ्यात वर, सर्वांत अलीकडची म्हणून. मी एक्स्चेंजबद्दल बोलत होतो, ते मी स्पष्ट लिहायला हवं होतं. एक वर्षाच्या पदवीबद्दल शंका घेतात हे खरं आहे. मीही एकदा घेतली होती. महिने लिही म्हणजे पूर्ण वेळ शिकलास ते दिसेल, आणि सरकारी नोकरी किंवा पुढे पीएचडी करायची असेल तर समकक्षतेचं प्रमाणपत्र, म्हणजे ही पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे असा कागद, आधीच काढून ठेव.

रावेर_केळी

ठीक आहे. पण आणखी एक. तिकडे आठवड्याला २० तास काम करायची परवानगी असते. मी हॉटेलात भांडी धुतली, मग गोदामात खोकी उचलली. ते लिहायचं का? सल्ला देणाऱ्या एजंटने काढून टाकायला लावलं. म्हणाला, लाज जाईल. त्याने १५ हजार घेतले होते रेझ्युमे बनवायचे.

धुळेकर_ताई

लिही. एका ओळीत, पण लिही. शिकत असताना २० तास राबून ज्याने भाडं भरलं तो माणूस सकाळी सातच्या शिफ्टला येतो, हे मला ठाऊक आहे.

एमआयडीसी_जळगाव

इथे माझं ताईंशी जमत नाही. गोदामाचं लिही, साठा मोजला असशील तर तेही लिही. भांड्यांचं इंजिनिअरच्या जागेसाठी काय काम? मुलाखतीत विचारलं तर अभिमानाने सांग. कागदावर जागा कमी असते.

भुसावळ_जंक्शन

भाषेच्या रकान्याकडे कोणाचं लक्ष आहे का? पोऱ्याने काल आपला रेझ्युमे टाकला होता. 'इंग्रजी, हिंदी, मराठी, जर्मन (ए२).' ए२ म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी, दुकानात पाव मागता येतो. आणि घरात आई ज्या भाषेत बोलते ती अहिराणी कुठेच नाही!

चोपड्याचा_पोऱ्या

अहिराणी रेझ्युमेत? काका, हसतील लोक.

भुसावळ_जंक्शन

कोण हसेल? २०११ च्या जनगणनेत १८ लाख ६० हजार लोकांनी जी मातृभाषा सांगितली ती 'खान्देशी' या नावाखाली मोजलीय. मी ठिबकच्या विक्रीत ११ वर्षं काढली. शिरपूरपासून चाळीसगावपर्यंत फिरलो. एमबीए केलेली पोरं शुद्ध मराठीत योजना समजावत राहायची, शेतकरी मान हलवायचा आणि काही घ्यायचा नाही. मी बांधावर जाऊन फक्त एवढं विचारायचो, "भाऊ, तुमना वावरमा पानी उनं का?" आणि माणूस बोलायला लागायचा. त्या एका वाक्यावर माझं घर चाललं आहे. आणि तुम्ही म्हणता हसतील.

रावेर_केळी

काका, मान्य, पण सगळ्या खान्देशाला अहिराणी चिकटवू नका. आमच्या रावेर-यावलकडे लेवा गणबोली आहे, लेवा पाटलांची बोली. बहिणाबाई आसोद्याच्या. त्यांच्या तोंडी अहिराणी नव्हती. दर वेळी खान्देश म्हटलं की अहिराणी, आम्ही जणू नाहीच.

भुसावळ_जंक्शन

मी कुठे म्हणालो तुम्ही नाही? माझी भाषा अहिराणी, मी तिचं बोललो. तू तुझी लिही ना! कोणी अडवलंय?

रावेर_केळी

अडवलं नाही, पण विसरता. विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव दिलं तेव्हाही बाहेरचे लोक त्यांना 'अहिराणी कवयित्री' म्हणत होते. कंटाळा आला दुरुस्त करून करून.

चोपड्याचा_पोऱ्या

अरे, विषय माझ्या सेमिस्टरचा आहे!

एमआयडीसी_जळगाव

विषय तोच आहे. ज्या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांचं नाव तुझ्या पदवीवर आहे. त्यांच्या ओव्या दुसऱ्यांनी कागदावर उतरवल्या म्हणून राहिल्या. ते नाव तू शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत टाकतोस आणि ए२ जर्मन वर मिरवतोस. मला राग त्याचा आला, आता कबूल करतो. फोन आले की नाही हा नंतरचा मुद्दा.

चोपड्याचा_पोऱ्या

तुमचा राग तुमच्यापाशी ठेवा दादा. माझ्या वडिलांची पानटपरी आहे. मला महिन्याला पगार पाहिजे. अभिमान मी नोकरी लागल्यावर बाळगेन.

सातपुड्याकडून

मी कधी लिहीत नाही इथे. आज लिहितो.

मी धडगाव तालुक्यातला, पावरा आदिवासी. आदिवासी मंत्रालयाच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपवर बाहेर शिकलो. पूर्ण देशातून वर्षाला २० जागा असतात. परत आल्यावर रेझ्युमे एका ओळखीच्या साहेबांना दाखवला, तर ते म्हणाले, "शिष्यवृत्तीचं नाव काढून टाक, त्यावरून जात कळते. नुसतं परदेशी विद्यापीठ ठेव, चांगलं दिसतं." मी काढलं. दोन वर्षं तसाच रेझ्युमे फिरवला. मुलाखतीत विचारायचे, खर्च कोणी केला? वडील काय करतात? वडील मजुरीला गुजरातेत जातात असं सांगितलं की समोरचे एकमेकांकडे बघायचे. म्हणजे मी काहीतरी लपवतोय असंच त्यांना वाटायचं.

मग एका आरोग्य प्रकल्पाच्या जागेसाठी मी सगळं लिहिलं. शिष्यवृत्तीचं नाव, वर्ष, जागा किती ते. भाषेत पहिली ओळ पावरी, मग भिली, मराठी, हिंदी, इंग्रजी. मुलाखतीत पहिला प्रश्न पावरीतच विचारला, आणि विचारणारी नर्स अक्कलकुव्याची होती. ती नोकरी मी आज करतोय. पण पुण्यातल्या कंपनीत अर्ज करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला मी तेच लिहायला सांगेन का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तो काढून टाकतो. मी त्याला बोलत नाही.

धुळेकर_ताई

दादा, तुमचं वाचून मी माझं मघाचं एक वाक्य मागे घेते. 'चाळणी लागते' असं मी सहज लिहून गेले, जसं काही ती आपोआप लागते. ती मी लावते. स्पर्धेतून मिळालेली शिष्यवृत्ती शिक्षणाच्या ओळीतच असायला हवी, कारण २० जणांत निवड होणं हे कुठल्याही गुणांपेक्षा मोठं आहे. पण समोर बसणारा माणूस कसा असेल याची हमी मी देऊ शकत नाही. तुमचा भाऊ चुकतोय असं माझ्याने म्हणवत नाही.

भुसावळ_जंक्शन

पावरी पहिल्या ओळीत. शाब्बास भाऊ.

एमआयडीसी_जळगाव

पोऱ्या, तुझ्या वडिलांच्या टपरीचं वाचलं. मी फार चढ्या आवाजात बोललो. अभिमानाचं ओझं मी तुझ्यावर टाकायला नको होतं. पण क्रम बदल. माझं ऐकू नकोस, ताईंनी सांगितलंय तसं कर.

चोपड्याचा_पोऱ्या

केलं. ओळखीत लॅबचं काम आणलं. खाली बी.टेक., कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव. त्याच्या आत एक्स्चेंज सेमिस्टर, २६ ईसीटीएस, सरासरी २.१, कंसात सर्वोत्तम १.०. ताई, २६ लिहिलेत, ३० नाही. एक विषय राहिला होता.

जर्मनपुढे 'प्राथमिक' केलं. अहिराणी अजून नाही टाकली. काकांचं ठिबकचं पटतं, पण मी अर्ज करतोय चाकणच्या कारखान्यात. तिथे बांध नाही.

भुसावळ_जंक्शन

चाकणच्या लाइनवर अर्धी पोरं शिंदखेडा-साक्रीची आहेत. सुपरवायझर होशील तेव्हा फोन कर मला.