दोष राउटरचा की संगणकाचा?
नवा संगणक वाय-फायला जोडला जात नाही, या आपल्या प्रश्नावर मिळालेला राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला योग्यच आहे. परंतु त्याच वाय-फायवर मोबाईल व्यवस्थित चालत असताना फक्त नवा संगणक जोडला जात नसेल, तर आधी संगणकाकडेच पाहावे असे मला वाटते.

नेटवर्कचे नावच यादीत दिसत नाही, की दिसते पण पासवर्ड दिल्यावर जोडणी होत नाही, हे कृपया कळवावे, कारण पुढचा सगळा तपास त्यावरच अवलंबून आहे. नाव दिसत नसेल आणि संगणक डेस्कटॉप असेल, तर मागच्या बाजूचे अँटेना बसवले आहेत ना, हे पाहावे. ते अनेकदा खोक्यातच राहून जातात. वाय-फायचा पर्यायच दिसत नसेल, तर बहुधा ड्रायव्हर, म्हणजे वाय-फायचा भाग चालवणारे सॉफ्टवेअर, संगणकात नाही. अशा वेळी मोबाईल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला द्यावे आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून घ्यावा. नाव दिसूनही जोडणी होत नसेल, तर राउटरमध्ये ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देणारी मॅक फिल्टरची सोय चालू आहे का, हे अवश्य तपासावे, कारण नवे उपकरण त्या यादीत नसल्यास पासवर्ड बरोबर असूनही नाकारले जाते.