सुरजागड : ग्रामसभेला विचारायचं की नाही?

झाडीपट्टी: "मूठभर माडिया आदिवासींनी लोखंड अडवायचं आणि जिल्ह्याने मागास राहायचं?" ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. अडवलंय कुठे? एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड डोंगरावरच्या लोहखाणीची लीज 2007 ची, ट्रक रोज भरून जातायत. ठाकुरदेवाची जत्रा भरते तोच डोंगर फुटतोय. 2022 मध्ये उत्खनन वाढवायची जनसुनावणी ठेवली गडचिरोलीत, खाणीपासून शंभरावर किलोमीटर लांब. ज्यांचं घर जातंय त्यांनी भाडं खर्चून हरकत नोंदवायला यायचं!

व्यवहारी: पेसात, म्हणजे आदिवासी भागाच्या पंचायत कायद्यात, ग्रामसभेची शिफारस लागते ती वाळू-मुरमासारख्या गौण खनिजाला. लोहखनिज गौण नाही. आधी कायदा वाचा, मग डोकं फिरवा.

झाडीपट्टी: आदिवासींचा जंगलावरचा हक्क मानणारा वनहक्क कायदा सोयीने विसरलात? ओडिशातल्या नियमगिरी डोंगरात 2013 ला सुप्रीम कोर्टाने विचारायला लावलं, बाराच्या बारा ग्रामसभांनी वेदांताच्या खाणीला नकार दिला. मग 2022 चे नवे वननियम आले : केंद्राने आधी मंजुरी द्यायची, वनहक्कांचं राज्याने मागाहून बघायचं. ही सोय नियमगिरीच्या डोंगरिया कोंध आदिवासींनी मागितली होती का?

आलापल्लीकर: कायदा राहू द्या भाऊ, रस्त्याचं बोला. एटापल्ली रोडवर चहाची टपरी आहे आमची. कपावर बशी झाकून चहा द्यावा लागते, एवढी लाल धूळ.

व्यवहारी: आणि तो चहा पितं कोण? ट्रकवालेच ना?

आलापल्लीकर: पितात. उधारीवर. ट्रकांच्या रांगेत एसटी अडकते, शाळेची पोरं अकराला पोचतात, ते कोण भरून देणार? तुम्ही?

व्यवहारी: आवाज खाली. माझा भाचा दरवर्षी तेलंगणात मिरची तोडायला जायचा. आता इथेच डंपर चालवतो, महिन्याला पगार येतो. त्याला सांगा डोंगर पवित्र आहे म्हणून.

झाडीपट्टी: भाच्याच्या पगारासाठी दुसऱ्याचा देव? छान हिशोब.

धानवाला: धानाच्या बोनसवर कुणी एवढं भांडत नाही.

झाडीपट्टी: आलापल्लीकर, रस्त्यासाठी खाणवाल्यांच्या पैशातून जमणारा जिल्हा खनिज निधी आहे की. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात त्याच्या आराखड्यालाही ग्रामसभेची मंजुरी लागते. तुमच्या गावात विचारलं कधी?

आलापल्लीकर: विचारलं असतं तर मीच पहिल्यांदा हात वर केला असता.

व्यवहारी: बरं बाबा, सुनावणी एटापल्लीत घ्यायला हवी होती, एवढं मान्य. घेतली असती तर मंडप लहान म्हणून ओरडला असता, ते वेगळं.